तरंग आणि तारक

इंग्रजीतला ‘रिपल’ हा शब्द आता आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की ‘रिपल इफेक्ट’ म्हणताना आपण काही परके उच्चारतो आहोत असे कुणालाच वाटत नाही; शेअरबाजाराच्या पडझडीपासून घरातल्या एखाद्या रुसव्यापर्यंत, एका जागी घडलेल्या गोष्टीचा परिणाम कुठवर पोचला हे सांगायला तो हाताशी असतो. कोश उघडला तर अर्थ मिळतो ‘लहान लाट’, आणि तेवढ्यावर समाधान मानून जिज्ञासू कोश मिटतो. साधकहो, मी मात्र या अर्थापाशी बरीच वर्षे रेंगाळलो आहे, कारण जितके पाहावे तितके असे वाटत गेले की तरंग ही लाटेची धाकटी आवृत्ती नव्हे. त्याचे कुळ एक असेल, पण जात वेगळी आहे, आणि ती वेगळी जात ज्याला कळली त्याला आपल्याच मनाविषयीचे एक जुने कोडे उलगडायला मदत होते.

इंग्रज हा शब्द वापरतो तरी कसा? वक्त्याने चिमटा काढला आणि श्रोत्यांत हसू पसरले तर तो त्या हसण्याला रिपल म्हणतो. आपण अशा वेळी ‘खसखस पिकली’ म्हणतो, आणि माझ्या मते आपले म्हणणे अधिक नेमके आहे, कारण त्यात आवाजही ऐकू येतो. ओसरत्या पाण्याने वाळूवर मागे ठेवलेल्या समांतर वळ्यांनाही तोच शब्द. विजेच्या क्षेत्रात मात्र हाच शब्द दोष म्हणून येतो: उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वाहती करताना जी थरथर शिल्लक राहते ती रिपल, कपॅसिटर घालून ती कमी करता येते, पण पुरती शून्य होत नाही. मराठीने हा सगळा अर्थभार अनेक शब्दांत वाटून टाकला आहे. मनात तरंग उठतात, आतून ऊर्मी येते, माणसाला लहर लागते आणि ती वारंवार लागली तर तो लहरी ठरतो, आनंदाचा कल्लोळ होतो आणि गोंधळाचा हलकल्लोळ. लक्षात घ्या, ऊर्मी आतून येते, लहर वरून लागते, कल्लोळ चहूकडे होतो. फक्त तरंग ‘उठतो’. त्याला उठायला काही आधार लागतो, आणि उठल्यावर तो पुन्हा त्याच आधारावर बसतो.

अमरकोशकाराने हा भेद आधीच ओळखला होता. पाण्याच्या वर्गात तो भंग, तरंग, ऊर्मी आणि वीची हे चार शब्द एका ओळीत बसवतो आणि मोठ्या लाटांसाठी उल्लोल आणि कल्लोळ हे दोन वेगळे काढतो. यातला ‘भंग’ मला विशेष मोहवतो. पाण्याचा सलग पृष्ठभाग मोडला म्हणून तो भंग. आणि मग आपल्या वारकरी संतांच्या रचनेला जे नाव आहे ते ‘अभंग’, त्याचा अर्थ मनाशी खेळवताना ‘ज्यावर तरंग नाही ते’ असाही एक ध्वनी ऐकू येऊ लागतो. हा छंदशास्त्राचा निर्णय नव्हे, माझी एक लहर समजा. ऊर्मी या शब्दाला शास्त्राने आणखी गंभीर काम दिले: भूक आणि तहान या प्राणाच्या, शोक आणि मोह या मनाच्या, जरा आणि मरण या देहाच्या, अशा सहा मिळून षडूर्मी. म्हणजे जगण्याची सगळी धडपडच आपल्या पूर्वजांनी पाण्याच्या हालचालीच्या नावाने ओळखली.

पण आपला मुख्य शब्द तरंग. तो ‘तॄ’ या धातूपासून आला, आणि त्या धातूचा अर्थ तरणे, पार जाणे. त्याच धातूच्या घरातली मंडळी पाहा: जिथून पार होता येते ते तीर्थ, जो वरून खाली उतरतो तो अवतार, जी पार नेते ती तरणी, म्हणजे नाव, आणि जो पार नेतो तो तारक. मराठीने ‘तरंगणे’ असे क्रियापद करून या नात्यावर मोहोरच उमटवली, कारण आपल्याकडे जे बुडत नाही ते तरंगते. आता थोडे थांबून विचार करावा की ज्याला आपण मनाची अस्वस्थता म्हणतो, ध्यानातला अडथळा म्हणतो, त्याचे नाव आणि ज्या मंत्राने पार जायचे त्या मंत्राचे नाव एकाच घरातून का यावे. नुसत्या योगायोगावर मी निरूपण उभारणार नाही. पण पाणीच याविषयी काय सांगते ते पाहायला हवे.

ते पाहण्याचे काम एका पाश्चात्त्य शास्त्रज्ञाने फार चांगले केले आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखला गेलेला, १८७१ साली आपल्या शिडाच्या नावेतून जात असता पाण्यात सोडलेल्या मासेमारीच्या दोरीभोवतीच्या रेषा निरखत होता, आणि त्या निरखण्यातून त्याने ‘रिपल’ या बोलीतल्या शब्दाला एक पक्की मर्यादा आखून दिली. पाणी उंचावले की त्याला पुन्हा सपाट करणाऱ्या दोन शक्ती असतात, एक पृथ्वीचे गुरुत्व आणि दुसरी पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण. लाटेची लांबी, म्हणजे एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर, सुमारे १.७ सेंटिमीटरहून जास्त असेल तर तिच्यावर सत्ता प्रामुख्याने गुरुत्वाची. त्याहून कमी असेल तर पृष्ठताणाची. या दुसऱ्या जातीला त्याने रिपल म्हणायचे ठरवले. पाण्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात, त्या धरून ठेवण्यानेच पृष्ठताण निर्माण होतो. तेव्हा मोठ्या लाटेला खाली ओढणारे बाहेरचे कुणी असते, आणि तरंगाला सपाट करते ते पाण्याचे स्वतःशी असलेले आपलेपण. मनाच्या व्यवहारात हे किती खरे आहे ते ज्याने त्याने ताडून पाहावे. मोठे दुःख, मोठे भय ओसरायला काळ लागतो, परिस्थिती पालटावी लागते, कुणीतरी बाहेरून हात द्यावा लागतो. पण दिवसभर मनाच्या पृष्ठावर जे बारीक बारीक उठत असते, त्याला बाहेरचा उपाय चालत नाही. त्याला मनाचे स्वतःशी असलेले नातेच निजवते.

केल्विनच्या नियमाची खूण पाहायला आपल्याला समुद्रावर जायची गरज नाही. नाशिकरोडकरांना दसकचा घाट ठाऊक आहे. रामकुंडावरून, तपोवनावरून आणि टाकळीवरून खाली आलेली गोदावरी इथे जेलरोडच्या वस्तीला लगटून जाते, आणि २०१५च्या सिंहस्थात भाविकांच्या सोयीसाठी याच बाजूचे घाट वाढवले गेले. पावसाळा सरल्यावर, पाणी निवळलेले पण अजून धावते असताना, प्रवाहात कुणी जाळ्यासाठी रोवलेला बांबू दिसला तर पायरीवर बसून तो नीट निरखावा. बांबूच्या खालच्या बाजूला, म्हणजे पाणी जिकडे जाते तिकडे, रुंद, सैल लाटा दिसतात, त्या सहज समजतात, कारण पाणी अडले आणि पुढे पसरले. नवल आहे ते वरच्या बाजूला. पाणी जिकडून येते तिकडे, बांबूच्या अंगाशी, कमानीसारख्या वळलेल्या अगदी बारीक रेषा एकापुढे एक उभ्या असतात. पाणी त्यांच्यातून धावत सुटलेले असते आणि त्या मात्र जागच्या हलत नाहीत, नजरेला कोरल्यासारख्या दिसतात. प्रवाह वाढला तर त्या आणखी दाट, आणखी बारीक होतात. प्रवाहाची गती सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटरच्या खाली गेली की त्या नाहीशा होतात, कारण पाण्यावरची कुठलीही लाट त्याहून हळू चालत नाही. आणि आता सर्वांत महत्त्वाचे: त्याच प्रवाहातून एखादी सुटी काटकी वाहत आली तर तिच्याभोवती या रेषा नसतात. ती पाण्याच्याच वेगाने चालली आहे, तिला पाणी लागतच नाही. रेषा उमटतात त्या उभे राहणाऱ्याभोवती.

हे वाक्य मनात तसेच राहू द्यावे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे. मध्ये तरंगाचा आणखी एक पदर उलगडतो.

नैयायिकांपुढे प्रश्न होता की दूरच्या ढोलाचा आवाज आपल्या कानापर्यंत येतो कसा. ढोलापाशी उत्पन्न झालेला शब्द काही चालत येत नाही; तर पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटचा आपल्या कानाच्या आकाशात जन्मतो. या क्रमाला त्यांनी नाव दिले वीचीतरंगन्याय. (दुसरे मत कदंबाच्या फुलाचे, ज्यात सगळ्या दिशांना एकदम शब्द फुटतात, त्याचा विस्तार इथे नको.) शांत पाण्यात खडा टाकला की वर्तुळे काठापर्यंत येतात आणि बघणाऱ्याला वाटते की पाणीच काठाकडे आले, पण मध्ये पडलेले पान असेल तर ते जागीच वरखाली होते, काठाला येत नाही. पाणी गेले नाही, गेले ते केवळ उठणे. ‘रिपल इफेक्ट’ म्हणणारा बहुधा परिणामाचा विस्तार पाहतो. नैयायिक त्याच दृश्यात जन्माची परंपरा पाहतो, आणि परमार्थात मला हीच दृष्टी अधिक मोलाची वाटते. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, गोदावरीच्या उगमाजवळ त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्तिनाथ असा जो क्रम ज्ञानदेवांपर्यंत येतो, त्यात एकाकडून दुसऱ्याकडे कुठली वस्तू गेली? गुरूने आपल्यातले काही काढून शिष्याला दिले असते तर गुरूकडे तेवढे उणे झाले असते. तसे काही होत नाही. एकाच्या उठण्याने दुसरा आपल्या जागी उठतो, एवढेच घडते, आणि प्रत्येकाच्या खाली पाणी त्याचे त्याचे, तरी एकच.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. साधक म्हणतो, ‘मला निस्तरंग मन हवे.’ या मागणीला आधारही सांगितला जातो. नाशिकरोडच्या संगमरवरी मुक्तिधामात गीतेचे अठराही अध्याय भिंतींवर आहेत. सहाव्या अध्यायापाशी थांबले तर वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या, न हलणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त वाचायला मिळतो. पण त्याआधी दुसऱ्या अध्यायापाशीही थांबावे. तिथे स्थितप्रज्ञाला उपमा दिली आहे ती समुद्राची, आणि त्या समुद्राला विशेषण आहे ‘अचलप्रतिष्ठ’. ज्याच्यावर लाटांना क्षणभरही उसंत नाही, ज्यात चहूकडून नद्या कोसळत आहेत, त्याला भगवंत अचल म्हणतात. प्रतिष्ठा म्हणजे पाया. पाया हलत नाही, पृष्ठभागाविषयी काही अट घातलेली नाही. दिवा एका विशिष्ट वेळेची, योगाभ्यासाला बसलेल्या चित्ताची गोष्ट सांगतो. समुद्र चोवीस तासांची सांगतो. आपण प्रापंचिक माणसे, आपल्याला चोवीस तासांची गोष्ट जास्त लागते.

शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या विष्णुषट्पदी स्तोत्रात याच समुद्र-तरंगाने भक्ताची जागा ठरवून दिली आहे: भेद मावळला तरी मी देवाचा, देव माझा नव्हे, कारण तरंग समुद्राचा असे म्हणतात, समुद्र तरंगाचा असे कुणी म्हणत नाही. अद्वैताच्या शिखरावर उभे राहून हे दास्य सांभाळणे हा आपल्या परंपरेचा खास गोडवा आहे.

पण या शब्दाचे सर्वांत सुंदर निरूपण झाले ते एका कोऱ्या कागदाच्या उत्तरात. चांगदेव योगी, चौदाशे वर्षे आयुष्य राखल्याची ज्यांची ख्याती, त्यांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे तर ज्ञानाने ते थोर, ‘तीर्थस्वरूप’ लिहावे तर वयाने लहान. शेवटी मायना सुचलाच नाही आणि योगिराजांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताई म्हणाली की इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. आपण या कथेवर हसतो. पण पाण्याच्या भाषेत पाहिले तर कोरा कागद म्हणजे निस्तरंग पृष्ठच. एकही रेघ नाही. आणि ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे जे उत्तर धाडले, त्यात त्यांनी नेमका लाटांचाच दृष्टान्त घेतला: पाण्याने लाटांची काचोळी अंगात घातली आहे, पण पाण्याला पाहायचे म्हणून ती उतरवावी लागत नाही, ती असतानाच पाणी उघडे आहे. जग दूर सारून आत्मा पाहायचा नाही, विचार पुसून मन पाहायचे नाही. तरंग हे पाण्यावर पडलेले आवरण असते तर ते काढावे लागले असते. पण तरंगाला हात लावला तर हाताला लागते ते पाणीच. पुढे चांगदेवांची समाधी झाली ती पुणतांब्याला, याच गोदावरीच्या काठी, दसकहून निघालेले पाणी नांदूर-मधमेश्वर ओलांडून ज्या गावाजवळून जाते तिथे.

निस्तरंगतेविषयी मला थोडे कठोरपणे बोलायचे आहे ते दुसऱ्या कारणाने. उन्हाळ्यात दसक-पंचकच्या बाजूला गोदावरीवर पाणवेली माजतात. सांडपाण्यावर पोसलेल्या त्या हिरव्या पसाऱ्याखाली नदीचे तोंड झाकले जाते, वारा कितीही वाहिला तरी वर एक तरंग उठत नाही, आणि दुरून पाहणाऱ्याला हिरवळ पसरल्यासारखी शोभा दिसते. खाली प्रकाश जात नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. इतके स्थिर पाणी नदीच्या चांगल्या दिवसांत कधी दिसत नाही. मनावरही अशी वेल पसरते. ज्याला कशाने काही वाटेनासे झाले आहे, शेजारच्याच्या दुःखाने ज्याच्यात काही हलत नाही, तो स्वतःला शांत म्हणवून घेतो आणि लोकही त्याला ‘फार पोचलेला’ म्हणतात. मला अशा माणसाशेजारी बसल्यावर शांती लागत नाही.

तेव्हा तरंग नको म्हणायचे नाही, मग म्हणायचे काय? यासाठी दसकहून थोडे वर, टाकळीला जावे. तिथे नंदिनी, म्हणजे आपण जिला नासर्डी म्हणतो ती, गोदावरीला मिळते. १६२० च्या सुमारास जांब गावचा बारा वर्षांचा एक मुलगा घर सोडून इथे आला आणि पुढची बारा वर्षे रोज सकाळी संगमाच्या पाण्यात कमरेइतका उतरून जप करत राहिला. परंपरा त्या जपाचा आकडा तेरा कोटी सांगते. पुढे जग ज्यांना समर्थ रामदास म्हणू लागले ते हेच. जपाचा मंत्र त्रयोदशाक्षरी, आणि त्याला नाव तारक मंत्र. जप काठावरच्या कोरड्या गुहेतही करता आला असता, आणि पाणीच हवे होते तर साचलेले पाणीही नाशिकला दुर्मीळ नव्हते. उभे राहायला निवडला तो दोन प्रवाहांचा संगम.

वाहत्या पाण्यात उभ्या राहिलेल्या त्या देहाच्या वरच्या बाजूला, पाणी जिकडून येत होते तिकडे, बारीक रेषांच्या त्या उभ्या कमानी बारा वर्षे उमटत असणार. पाण्याचा नियम सतराव्या शतकातही हाच होता. माळ हाती घेतली की विचार जास्त येतात, एरवी इतके येत नाहीत, ही प्रत्येक नव्या साधकाची कुरकुर असते, आणि तिचे उत्तर मला या उभ्या देहात मिळते. एरवी विचार कमी असतात असे नाही. एरवी आपण त्यांच्याच वेगाने वाहत असतो, त्या सुट्या काटकीसारखे, म्हणून ते आपल्याला लागत नाहीत. नामाचा आधार धरून कुणी उभा राहिला की प्रवाह त्याच्यावर येऊन आदळतो आणि त्याच्यासमोर तरंग उठतात. तारकाला धरले म्हणून तरंग दिसले. एकाच धातूच्या घरातली ही दोन नावे इथे, कमरेइतक्या पाण्यात, समोरासमोर येतात, आणि त्यांच्यात भांडण नाही.

याची एक उलट बाजूही आहे आणि ती अनुभवी साधकांनाच सांगण्यासारखी आहे. कधी कधी जप अगदी सुरळीत होतो, मनात काही उठत नाही, आणि आपण मनोमन स्वतःची पाठ थोपटतो. त्या वेळी एकदा तपासून पाहावे की आपण उभे आहोत की वाहतो आहोत. आणि उभेच असलो तर प्रवाह तरी चालू आहे की वैशाखातल्या नदीसारखा मंदावला आहे, कारण कामधंदा, माणसे, जबाबदारी यांच्यापासून चार दिवस दूर जाऊन बसलेल्याचे मन निवळते ते बहुतेक वेळा एवढ्याच कारणाने. परतल्यावर स्टेशनवर उतरून बिटको चौकापर्यंत येईतो पहिली रेघ उमटते. ती उमटली तर माळ खाली ठेवू नये.